भोंगामास्तरांची फीत

भोंगामास्तर विहिरीवरच्या इंजिनाला कान लावून सूर शोधत. तळोद्यात त्यांचं लग्नाकार्याला भोंगा भाड्याने देण्याचं दुकान होतं, पण नुसती सिनेमाची गाणी वाजवणं त्यांना कमीपणाचं वाटे. कधी रिकाम्या रांजणात माईक सोडत, कधी बुलबुलतरंगाला रेडिओचा भोंगा जोडून असा आवाज काढत की बैल दावं तोडत. लोक हसले की म्हणत, "वाजाले काय, सम्दं वाजस. ऐकणारा पाहिजे."

ऐकणारी मी भेटले. जवळच्या कळसाडी गावची, सतरा वर्षांची, आवाज बरा, अक्कल बेताची. हळदीचं एक गाणं मी स्वतः रचलं होतं, चालही माझीच. थोरल्या बहिणीच्या लग्नात ते भोंग्यावर गायचं, असं मास्तरांनी कबूल केलं. मग महिनाभर मला चालू इंजिनाशेजारी उभं करून गायला लावलं. "पोरी, इंजिनसंगे भांडू नको. त्यानी पाठवर बस." एकदा नव्या यंत्राच्या फितीवर माझा आवाजही घेतला, सरावासाठी म्हणून. मी तर हवेतच. शेजारणींशी बोलणंसुद्धा कमी केलं, गळा जपायचा म्हणून.

हळदीला जरीचं लुगडं नेसून मांडवात गेले, तर माईक गुंडाळून ठेवलेला. भोंग्यातून माझंच गाणं सुरू झालं, फीत मुद्दाम हळू सोडलेली. म्हशीच्या हंबरण्यासारखा जाड, लांब आवाज, मागे इंजिनाची धडधड. मांडव आधी हसला, मग डोलू लागला.

"मास्तर, मी गाऊ ना?"

"आते कशाले? तू त्यामा शेसच ना," ते फिरत्या फितीकडे बोट दाखवून म्हणाले.

मी गोठ्यात जाऊन म्हशींना शिव्या दिल्या. त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष?

मास्तरांनी ती फीत तालुकाभर लग्नांत वाजवली. कुणी विचारलं तर म्हणत, "मन्हीच चीज शे." मग एक दिवस दुकान मोडून सुरतेकडे गेले, ते गेलेच. आजही मिक्सर सुरू झाला की मी त्याच्या सुरात गुणगुणते. सून म्हणते, "आई, बंद झाल्यावर गा ना." बंद झाल्यावर काय गायचं?

मास्तर गेले त्यानंतर वर्षभरात माझं लग्न झालं होतं. सासरी नणंदेच्या हळदीला बायका माझंच गाणं म्हणत होत्या, तसंच जाड, ओढत ओढत. मला राहवेना. मी माझ्या मूळ चालीत सुरुवात केली. सासूबाईंनी कोपर मारलं.

"चूप ऱ्हाय. तुले हाई चाल येत नही."

 मग मी ती चाल त्यांच्याकडून शिकून घेतली.