पाटीवरचा तीन

सहा नावं कोरून झाली होती. त्यांच्याखाली मंत्र्यांचं नाव, सहाही नावांपेक्षा मोठ्या अक्षरात. सगळ्यांत शेवटी समितीच्या अध्यक्षांची ओळ. दगड काळा ग्रॅनाइट, पॉलिश असं की त्यात बघून दाढी करावी. अनावरणाला आठ दिवस होते आणि मी दगड बसवायला एटापल्लीच्या वाटेवरच्या त्या गावात पोचलो होतो.

चंद्रपुरात आमचं दगडावर अक्षरं कोरण्याचं दुकान आहे. वडिलांनी कबरींवर उर्दू कोरली, मी कोनशिलांवर मराठी. 'शुभहस्ते' हा शब्द मी डोळे मिटूनही कोरू शकतो. इमारत नाही झाली तरी कोनशिला होते, म्हणून धंदा बरा चालतो. शिवाय अनावरणाच्या दिवशी कारागिराला हजर राहावं लागतं आणि पाहुणे कधी वेळेवर येत नाहीत. त्या वाट पाहण्यात माझं बरंच वाचन झालं आहे.

हे काम पहिल्या महायुद्धाच्या स्मारकाचं होतं. वर पितळी बंदूक, खाली 'वीर सैनिक' आणि नावं. त्या युद्धाची एक छोटी संगमरवरी पाटी गावच्या चावडीच्या भिंतीत होती. सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांसाठी रस्ता रुंद झाला तेव्हा भिंत गेली आणि पाटी ग्रामपंचायतीच्या खोलीत आली. मग समिती झाली. अध्यक्ष गावचे निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना गुरुजी म्हणत, मीही म्हणू लागलो. सहा नावांत त्यांच्या आजोबांचं नाव पहिलं होतं. ते फ्रान्समध्ये कसे लढले हे चौथऱ्याचं काँक्रीट ओतून होईपर्यंत मी दोनदा ऐकलं.

दगड उभा करून मी ओळंबा लावत होतो, तेव्हा एक म्हातारी येऊन चौथऱ्याशी बसली. सोमीबाई पुंगाटी. ऐंशीच्या आसपासची असेल.

"भाऊ, चैतू पुंगाटी कोणत्या ओळीत हाये?"

मी यादी पाहिली. नव्हता. यादी गुरुजींनी दिली आहे, असं सांगितलं. ती चौथऱ्यावरून उठली नाही.

गुरुजींना विचारलं तेव्हा त्यांनी शांतपणे हकिगत सांगितली. गावातून सात जण गेले होते. दोघं तिकडेच मेले, चौघं परत आले. सातवा, सोमीबाईचा आजा चैतू, बंदरावरूनच पळाला असं म्हणतात. त्याचं पत्र आलं नाही, खबर आली नाही. तेव्हापासून ते घर पळपुट्याचं घर. सोमीबाईच्या मुलींच्या सोयरिकी जुळवतानासुद्धा हे निघालं होतं. चैतूचं नाव टाका म्हणून ती चारदा येऊन गेली होती.

"पळपुट्याचं नाव वीरायमंदी कसं टाकू, उस्ताद? तुमीच सांगा."

मी जुनी पाटी दाखवा म्हटलं. पाटी इंग्रजीत होती, दोनच वाक्यं. या गावातून ७ माणसं महायुद्धावर गेली. त्यांपैकी ३ जणांनी प्राण दिले. नावं नव्हती.

"यात तर तीन आहे," मी म्हणालो.

"दोनच मेले. दोघायची नावं साऱ्या गावाले ठाऊक हायेत. तीन म्हणजे तुमच्यासारख्या कारागिराची चूक."

शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिराच्या वतीने मला जरा राग आला. मी पाटीवरून तळहात फिरवला.

इथे थोडं धंद्यातलं सांगायला हवं. कागदावर खोडता येतं, दगडावर येत नाही. एखादा आकडा बदलायचा तर तेवढी जागा घासून खाली न्यावी लागते आणि मग नवा आकडा कोरायचा. कितीही सफाईने केलं तरी तिथे उथळ खळगा राहतो. डोळ्याला दिसत नाही, हाताला लागतो. या पाटीवर तो तीनच्या खाली लागला.

खिशातली लोखंडी पट्टी मी पाटीवर उभी टेकवली आणि गुरुजींना वाकून बघायला सांगितलं. बाकी सगळीकडे पट्टी घट्ट बसली. तीनपाशी तिच्याखालून उजेड आला.

"इथं आधी दुसरा आकडा होता," मी म्हटलं. "तुमच्या हिशोबाने दोन."

"मंग चुकला असन, लगेच सुधारला असन."

"दुकानात चुकलं असतं तर अख्खी पाटी घासून सपाट केली असती, आम्ही तेच करतो. हे भिंतीत बसवल्यावर घासलं आहे. तीनचा हातही वेगळा आहे. गुरुजी, चूक कोणीही करतो. पण एका आकड्यासाठी बैलगाडीच्या दिवसांत इतक्या आत माणूस कोण पाठवतो? वरून कागद आल्याशिवाय?"

तो माणूस आमच्या घराण्यातला होता असं सांगायला मला आवडलं असतं. पण तीन फारच वाईट कोरलेला होता.

गुरुजींनी आयुष्यभर गणित शिकवलं होतं. चौघं परत आले, दोघं मेलेले ठाऊक, पाटी म्हणते तीन. वजाबाकी मला सांगावी लागली नाही. चैतू मेल्याचा कागद सरकारपर्यंत आला, दगडापर्यंत आला, चैतूच्या घरापर्यंत तेवढा आला नाही.

तरी त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. चैतू सैनिक नव्हता, मजूर म्हणून भरती झाला होता म्हणे. मी विचारलं, बाकीचे सहा? ते घरी गेले आणि आजोबांचा फ्रेम केलेला दाखला घेऊन आले. त्यावर लेबर कोअर असं स्वच्छ लिहिलं होतं.

"कोअर म्हणजे पलटणच ना?" गुरुजींनी विचारलं.

"पलटणच. मजुरांची."

गुरुजी फ्रेम मांडीवर घेऊन चौथऱ्यावर बसले, सोमीबाईपासून हातभर अंतरावर.

"आजा सांगत जाय," ते म्हणाले, "का आमी तिथी झाडं तोडली, रस्ते केले, लय थंडी होती. आमाले वाटे, बुढा लढाईचं लपवून राह्यला."

सोमीबाई म्हणाली, "इथी झाडं तोडत होता, तिथी जाऊनही झाडंच तोडली. त्यात लपवाचं काय हाये?"

आता प्रश्न जागेचा होता. नवा दगड अनावरणापर्यंत मिळणार नव्हता. मंत्र्यांच्या ओळीला हात लावायची कोणाची छाती नव्हती. गुरुजींनी दगडावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"माझी ओळ घासा."

मी समजावलं. ग्रॅनाइट घासला की पॉलिश जातं आणि जागेवर ते परत येत नाही. तेवढाच पट्टा कायमचा मळकट दिसेल, पाहुण्यांना डाग वाटेल.

"दिसू द्या," गुरुजी म्हणाले.

दोन दिवस लागले.

मंत्री तीन तास उशिरा आले. माझं एक पुस्तक संपलं. त्यांनी पडदा ओढला आणि बंदुकीकडे पाहत सहा वीरांच्या पराक्रमावर बोलले. भाषण आधी लिहिलेलं होतं. कोणी दुरुस्त केलं नाही. 'वीर सैनिक'ही तसंच राहिलं. समितीचं म्हणणं, सगळंच खरं करायला गेलं तर कार्यक्रम कशाचा ठेवायचा? बंदूक अजून तिथे आहे. पावसाने हिरवी पडते आहे.

मंडप रिकामा झाल्यावर सोमीबाई आली. तिला वाचता येत नाही. चैतूची ओळ दाखवायला मी पुढे झालो, तर तिचं बोट आधीच त्या पट्ट्यावर होतं.

"हेच ना? येकटं हेच चमकत नाई. दुरूनच ओळखू आलं."

तेव्हापासून स्मारकाची ऑर्डर आली की मी यादीच्या आधी जुना दगड मागतो. तो डोळ्यांनी वाचायच्या आधी हाताने वाचतो. पहिल्यांदा कोरतात ते कार्यक्रमाच्या घाईत. घासून पुन्हा कोरलेलं असेल, तर ते कोणीतरी खातरजमा करून कोरलेलं असतं.