गावच्या शब्दांची साक्षीदार

साक्षीदार क्रमांक एक. नाव : श्रीमती इबिरोंके ओसिबोगुन. वय : चौऱ्याऐंशी. पात्रता : नियम चारप्रमाणे जन्माने याच गावची, गावची शुद्ध इजेबू बोली आईच्या मांडीवर शिकलेली.

हा तक्ता ओसिबोगुन गुरुजींनी भरला. गुरुजी म्हणजे इबिरोंकेचे धाकटे दीर, निवृत्त हेडमास्तर आणि गावच्या शब्दकोश समितीचे चिटणीस. गावच्या राजांच्या राज्यारोहणाच्या वर्धापनदिनी कोश त्यांच्या हाती द्यायचा होता. शेजारगावचे नि रेडिओवरचे शब्द त्यात घुसू नयेत म्हणून नियम चार गुरुजींनीच केला होता : प्रत्येक शब्दाला गावात जन्मलेला म्हातारा साक्षीदार हवा.

असे तीन म्हातारे मिळाले. रोज सकाळी ते गुरुजींच्या ओसरीवर येत, ताडी घेत आणि काही आठवत नाही असं सांगत.

“इकोकोरेची लापशी शिजली की भांड्याला तळाशी खरवड धरते, तिला आपल्यात काय म्हणतात?” गुरुजींनी विचारलं.

“तिला काय म्हणायचंय? तिला खातात,” पहिला म्हणाला. दुसऱ्याने इबादानकडचा शब्द सांगितला. तिसरा झोपला होता.

शब्द आला तो स्वयंपाकघरातून. “नुसती धरली तर हा,” इबिरोंके म्हणाली, “आणि करपली तर दुसरा आहे.” तोही तिने सांगितला. “तुझ्या आईनं पहिल्याच आठवड्यात दोन्ही शिकवले मला. दुसरा जरा जास्त वेळा.”

ती एकिटीहून इथे सून म्हणून आली अठराव्या वर्षी. पहिल्याच दिवशी दारात कुणी आलं, तर तिने विचारलं, “इसी?” म्हणजे, कोण आहे? घर हसून लोळलं. आमच्याकडे ‘लेसी’ म्हणतात. इलेशाकडे ‘येसी’. गुरुजींच्या मते हे तिन्ही शब्द एका आईची लेकरं. पण त्या दिवशी गुरुजी सहा वर्षांचे होते आणि सगळ्यांत मोठ्याने हसत होते. तेव्हापासून ती इथला एकेक शब्द पाठ करत गेली. ज्याला कुणी हसत नाही, त्याला आपण काय बोलतो हे ऐकावं लागत नाही.

सुनेने आपण येण्याआधी घरात जन्मलेल्यांना नावाने हाक मारायची नाही, टोपणनाव द्यायचं, अशी रीत आहे. काटकुळ्या दिराला तिने ओपेलेंगे, म्हणजे सडपातळ, असं नाव दिलं. गुरुजींच्या वजनाने आजवर दोन खुर्च्या मोडल्या. नाव टिकलं. तिला मात्र धाकट्या दिरासकट सगळं घर सूनबाई म्हणे.

पंधरा दिवसांत तिने दोनशे बारा शब्द दिले. मग एका सकाळी ती तोंड मिटून सुरण सोलत बसली.

“सूनबाई, पुढचा शब्द...”

“ओपेलेंगे, साक्षीदार म्हणून नावं कुणाची लिहितोस?”

“त्या तिघांची.”

“झोपतो त्याचंही?”

“तो जन्माने गावचा आहे.”

“मग उठव त्याला आणि विचार पुढचा शब्द.”

वर्धापनदिनाला चार दिवस उरले होते. म्हणून गुरुजींनी वरचा तक्ता भरला आणि तिला वाचून दाखवला.

“जन्माने याच गावची? कोण?”

“तुम्ही.”

“खोड ते. माझी आई एकिटीत पुरलीय. तिला काय तोंड दाखवू? शब्द तुमचे, पण जन्म माझा आहे. मी आहे ती लिही, नाहीतर मी दिलेले शब्द परत दे.”

“नियम आहे हो, सूनबाई.”

“कुणी केला?”

पस्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेली लाल शाई गुरुजींनी काढली. आधी तक्त्यातली ओळ खोडली, मग नियम चार खोडला, आणि लिहिलं : जन्म एकिटी; बोली सासूकडून शिकली.

आता एकिटीवाले कोशावर हक्क सांगतील, असं म्हणून समितीच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. तिसऱ्या म्हाताऱ्याला हे अजून कळलेलं नाही. कोश वेळेवर छापून झाला आणि दोनशे बारा शब्दांखाली तिचं नाव आलं.

घरात तिला अजून सूनबाईच म्हणतात.