दूर पडतं

समाजशास्त्रात एम. ए. झाले तेव्हा घरात कुणालाच कळेना की आता ही पोरगी नक्की करणार काय. मलाही कळत नव्हतं. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. आमची शेवंतीची शेती होती आणि भाऊ रोज पहाटे फुलं घेऊन बाजारात जायचा. मी मात्र नाशिकला इंदिरानगरमधल्या एका लहानशा संशोधन संस्थेत लागले. दवाखान्याच्या वर दोन खोल्या, एक कॉम्प्युटर आणि त्याला धूळ लागू नये म्हणून बाहेर चपला काढून आत जायचं. आईला मी सांगितलं, "लोकांना प्रश्न विचारायची नोकरी आहे." ती म्हणाली, "आणि त्याचा पगार देतात?"

आमचे सर पुण्याहून आलेले, संख्याशास्त्रातले. सरळ माणूस, पण आकड्यांत न बसणारी गोष्ट त्यांना आवडायची नाही. त्या वर्षी आमच्याकडे आरोग्य खात्याचं एक काम आलं. बागलाण तालुक्यातल्या गावांत आरोग्य उपकेंद्रं होती, नर्सबाई होत्या, गोळ्या होत्या, तरी दिवस गेलेल्या बायका तपासणीला येत नव्हत्या. का येत नाहीत, ते शोधायचं होतं.

सरांनी प्रश्नावली तयार केली. केंद्रात जाता का? हो की नाही? जात नसाल तर कारण काय? खाली चार-पाच पर्याय, त्यांतल्या एकावर खूण करायची. आम्ही मुली ती घेऊन नामपूरच्या पुढच्या गावांत दारोदार फिरलो. बायका ओट्यावर पाणी द्यायच्या, चहा द्यायच्या आणि कारणाच्या प्रश्नाला एकच उत्तर द्यायच्या, "दूर पडस, ताई." दूर पडतं. पर्यायांत ते होतंच. आम्ही खूण करून पुढच्या घरी जायचो.

एका गावात मी जरा थबकले. जिच्या ओट्यावर बसले होते तिथून उपकेंद्राची पांढरी भिंत दिसत होती. मध्ये पाच-सहा घरं आणि एक गोठा. आणि ही बाई त्याच्या कितीतरी पुढच्या विहिरीवरून डोक्यावर दोन हंडे घेऊन आत्ताच आली होती.

नाशिकला आल्यावर मी सरांना हे सांगितलं. ते अहवालाचा मसुदा लिहीत होते, आणि त्यात गावोगाव गाडी सुरू करावी अशी शिफारस होती.

"सर, दूर नाहीये ते. काहीतरी वेगळं आहे."

"मग त्या खोटं बोलतायत?"

"खोटं नाही. परक्या माणसाला सांगण्यासारखं उत्तर देतायत. आपण प्रश्नच असा विचारलाय की तेवढंच उत्तर येईल. त्यांना एकत्र बसवून बोलू द्या. गटचर्चा घेऊ या."

"गप्पांतून डेटा मिळत नाही," सर म्हणाले. पण माझ्याकडे बघून त्यांनी पेन खाली ठेवलं. "एक गाव. एवढ्याने पटलं नाही तर अहवाल आहे तसा जाईल."

पहिली चर्चा पार फसली. मंदिराच्या सभामंडपात सतरंजी टाकली, मधोमध टेपरेकॉर्डर ठेवला. सासवा आल्या, सुना आल्या. मी प्रश्न विचारला की गावातल्या एक वजनदार आजी सगळ्यांच्या वतीने उत्तर द्यायच्या, "आमना गावमा समदं चांगलं शे." सुना पदर ओढून खाली बघत होत्या. कॅसेट संपली तेव्हा तिच्यात त्या आजींचा आवाज होता आणि माझा. नंतर ऐकताना मला स्वतःचाच राग आला. सुनांना सासवांसमोर बसवून मोकळं बोला म्हणणारी मीच होते.

परतीच्या एस.टी.त माझ्या संस्थेतल्या सोबतिणीने आणि मी सगळं नव्याने मांडलं. ती माझ्याच वयाची होती, आवाज खणखणीत, आणि म्हाताऱ्या माणसांशी तिचं फार जमायचं. नाशिकला द्वारकेच्या थांब्यावर उतरेपर्यंत आमचं ठरलं होतं. सासवांना टाळायचं नाही. टाळलं तर त्यांना संशय येणार. त्यांची वेगळी बैठक मंदिरातच, अगदी मानाने घ्यायची आणि "तुमच्या वेळी बाळंतपण कसं व्हायचं?" इथून सुरुवात करायची. ती बैठक माझी सोबतीण घेईल, दुसरा टेपरेकॉर्डर तिच्याकडे. त्याच वेळी मी सुनांकडे, त्या जिथे असतील तिथे जायचं. आणि केंद्रात का जात नाही, हे एकदाही विचारायचं नाही.

सुना कांद्याच्या चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या लांबट शेडमध्ये होत्या. निवडायचं काम चाललं होतं, सडका बाजूला, चांगला टोपलीत. मी टेपरेकॉर्डर पिशवीतच ठेवला आणि त्यांच्याबरोबर कांदे निवडायला बसले. माझं आजोळ सटाण्याकडचं, त्यामुळे अहिराणी मला सगळी समजते, पण बोलायला गेले की वाकडीतिकडी होते. मी दोन वाक्यं बोलले आणि अख्खी चाळ हसायला लागली. एकीने माझं वाक्य सरळ करून मला तीनदा म्हणायला लावलं. मग मी विचारलं, बोलणं टेप करू का, कुणाचंही नाव कुठे येणार नाही. त्या हो म्हणाल्या तेव्हा पिशवी उघडली.

"समजा," मी म्हणाले, "तुमची एक मैत्रीण आहे. तिला दिवस गेलेत, तिला केंद्रात जायचंय. ती घरातून निघाली. पुढे काय काय होईल, मला सांगा."

त्यांना खेळच मिळाला. एक म्हणाली, आधी भांडी घासेल. दुसरी म्हणाली, लुगडं बदलेल. मग ती गोठ्यापाशी आली, मग कोपऱ्यावर वळली.

"आणि मग?"

"मग परत फिरेल," एक जण म्हणाली, आणि सगळ्या गप्प झाल्या.

मीही गप्प राहिले. आमच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं की शांतता पसरली की ती भरायची घाई करू नये. ते ऐकायला सोपं वाटलं होतं. त्या चाळीत मला ते फार जड गेलं. मी एक कांदा उगीचच सोलत बसले.

शेवटी टोकाला बसलेली, नुकतीच लग्न होऊन आलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "तठे माणसं बठतस ना, ताई."

आणि मग बांध फुटावा तशा सगळ्या एकदम बोलायला लागल्या. केंद्राचं दार पानटपरीच्या कट्ट्यावर उघडत होतं. त्या कट्ट्यावर दिवसभर गावातली वडीलधारी माणसं बसायची, त्यांत सासरे, चुलत सासरे, दीर. त्यांच्यासमोरून केंद्रात शिरणं म्हणजे पोटातली बातमी चव्हाट्यावर सांगणं. दुसरा-तिसरा महिना म्हणजे अजून घरातही नीट सांगितलेलं नसतं. परत येईपर्यंत घरी निरोप पोचलेला असायचा. हे सगळं परक्या बाईला ओट्यावर कसं सांगणार? दूर पडतं म्हटलं की कुणाला काही लागत नाही.

मी मंदिराकडे जवळजवळ पळतच गेले. सोबतीण पायऱ्यांवर उभी होती, तिचे डोळे चमकत होते. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "तो कट्टा!" सासवांनीही तेच सांगितलं होतं, त्याच वजनदार आजींनी. सुनेला घेऊन जायची त्यांची तयारी होती, पण त्या कट्ट्यासमोर त्यांनाही पदर ओढून, अंग चोरून जावं लागायचं. आम्ही दोघी त्या मंदिराच्या पायरीवर एकमेकींचे हात धरून नाचलो. पुजारी बघत होता, बघू दे म्हटलं.

सरांनी दोन्ही कॅसेट सलग ऐकल्या. मग म्हणाले, "हे एका गावाचं झालं. बाकीच्या गावांना हेच कसं विचारशील?"

तो प्रश्न खरा होता, आणि त्यांनी तो मला विचारला याचा मला केवढा आनंद झाला! आम्ही प्रश्नावली नव्याने लिहिली. कारण विचारणारा प्रश्न काढून टाकला. त्याऐवजी वाट विचारली. घरापासून केंद्रापर्यंत कुठून जाता, वाटेत कोण भेटतं, कुठे थांबावंसं वाटत नाही, सोबत कोण असलं तर बरं. उत्तरं बायकांच्या शब्दांत लिहून घ्यायची, खुणा आम्ही नंतर करायच्या. सर प्रत्येक शब्दावर माझ्याशी भांडले आणि प्रश्नावली त्यामुळे सुधारली. सगळीकडे कट्टा नव्हता. एका गावात नर्सबाई बाजाराच्या दिवशीच यायच्या, तेव्हा बायका घरी नसायच्या. पण आता प्रत्येक गाव आपापलं खरं कारण सांगत होतं.

नाशिकला सादरीकरण झालं तेव्हा सरांनी मला उभं केलं. कट्टा असलेल्या केंद्रांना मागून दार काढावं, ही आमची शिफारस होती. समोरच्या आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "चार बायका म्हणाल्या म्हणून भिंत फोडायची?" मी नव्या पाहणीचे तक्ते पुढे ठेवले आणि गावागणिक सांगत गेले. त्यांनी तक्ते एकेक करून उलटले, मग शेजारच्या माणसाकडे वळून म्हणाले, "मागून दार काढायला असा किती खर्च येतो?"

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघी त्या गावात गेलो. केंद्राच्या मागच्या भिंतीत हिरवं दार बसलं होतं. बाहेर सावलीत चपलांचा ढीग आणि बायकांची रांग. त्यात एक सासू सुनेला वारा घालत होती. नर्सबाई दारातून डोकावून ओरडल्या, "तुम्हीच का त्या? मला जेवायला वेळ मिळेना झालाय!" आणि मोठ्याने हसल्या. रांगेतून चाळीतली ती नवी सून पुढे आली, पोट चांगलं दिसत होतं. तिने आता पदरही सावरला नाही. म्हणाली, "ताई, इथे बसायला बाक पाहिजे. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. परत आल्यावर सरांनी पुढचं काम माझ्या टेबलावर ठेवलं. पेठ-सुरगाण्याकडचं होतं, कामासाठी घर सोडून जाणाऱ्या कुटुंबांचं. "प्रश्न तू काढ," ते म्हणाले. "मी तपासतो." मी लगेच सोबतिणीला हाक मारली, आणि आधी कुणाच्या अंगणात जाऊन बसायचं यावर आमचा वाद सुरू झाला.