साळोबाचा आवाज कोणाचा

श्रीकांत पोंक्षे यांना स्वतःचं नाव सांगायला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात लंडनजवळच्या स्लाऊहून पॅडिंग्टनची गाडी सुटून जायची. 'श्री'वरच गाडं अडायचं. मान पुढे जायची, डोळे मिटायचे, ओठ तयार असायचे आणि आवाज काही बाहेर पडायचा नाही. तिकीटखिडकीतला साहेब आधी मोठ्यानं बोलायचा, मग लहान मुलाशी बोलावं तसं हळू बोलायचा, मग त्यांच्या खांद्यावरून मागच्या माणसाला म्हणायचा, "येस प्लीज?"

तोंड अडलं तरी कान मोकळे होते. बोलता येत नाही म्हणून श्रीकांतराव जन्मभर नुसते ऐकत आले होते. पुण्यातल्या शाळेचे ड्रिलमास्तर नाकातून 'हं' करायचे ते, स्लाऊच्या बसचा कंडक्टर घशात खडे घोळवल्यासारखा "फेअर्स प्लीऽऽज" म्हणायचा ते, सगळं आत कुठेतरी रचून ठेवलेलं. बाहेर काढायची सोय तेवढी नव्हती.

नोकरी चॉकहिल टेलिव्हिजनमध्ये, सामानाच्या खोलीत. त्या काळी तिसऱ्या चॅनेलवर मोठे कार्यक्रम देशभर तेच असायचे, पण प्रत्येक भागाची कंपनी वेगळी. तिच्या बातम्या वेगळ्या, तिची निवेदिका वेगळी. चॉकहिलचा तर एक हेजहॉगही होता. इंग्रजी बागेतलं ते काटेरी, टोकदार नाकाचं जनावर, हातात घालून नाचवायचं, नाव टीझल. शाळा सुटायच्या वेळेला निवेदिका त्या दिवशी वाढदिवस असलेल्या मुलांची कार्डं वाचायची आणि टीझल टेबलाच्या कडेवरून मान हलवायचा.

चौऱ्याऐंशी साली टीझलमध्ये हात घालणारा माणूस फ्लूनं पडला. पंजाची तार कशी ओढायची हे सामानवाल्या श्रीकांतरावांनाच ठाऊक, म्हणून त्यांना टेबलाखाली बसवलं. बोलायचं काही नाही, नुसतं डोलायचं, असं ठरलं होतं. निवेदिका एका कार्डापाशी आली आणि ठेचकाळली. मॅन… मॅनजा… मन्…

"मंजिरी," टीझल म्हणाला. "हाउन्सलोची मंजिरी. आज सहा वर्षांची झाली, हं! तिला केकचा कोपऱ्यातला तुकडा द्या, त्यावर आयसिंग जास्त असतं."

सगळं इंग्रजीत, एका दमात, कंडक्टरच्या घशातून आणि ड्रिलमास्तरांच्या नाकातून. स्टुडिओ थक्क झाला. सगळ्यात जास्त थक्क झाला तो टेबलाखाली गुडघे दुमडून बसलेला माणूस. सदतीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं वाक्य सुरू झालं होतं तिथून निघून संपायचं तिथे जाऊन पोचलं होतं.

फ्लूवाला परत आलाच नाही. श्रीकांतरावांनी नव्या कामाच्या करारावर सही केली आणि टीझल त्यांचा झाला. चॉकहिलच्या हद्दीत कुजबुज सुरू झाली की तो हेजहॉग आपल्या मुलांची नावं बरोबर घेतो. गुरप्रीत, सुनीती, इम्तियाज, कुठे म्हणून अडत नाही. पोत्यांनी कार्डं यायला लागली. गोऱ्या आजीबाईंना वाटायचं, आत कोणी बर्कशरचा म्हातारा शेतकरी असणार.

आवाज घरीही आला. बायको सुप्रभा ट्रेडिंग इस्टेटवर चॉकलेटच्या कारखान्यात पॅकिंगला होती, पाय सुजवून घरी यायची. एका संध्याकाळी सिंकपाशी ओव्हनचा हातमोजा मान वर करून अस्खलित मराठीत म्हणाला, "बाईसाहेब, आमटीत मीठ घातलंय की कारखान्यातली साखर, हं?" सुप्रभा हसून हसून खाली बसली. नवरा विनोदी आहे हे तिला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं. साळिंदरावरून तिनं हातमोज्याचं नाव साळोबा ठेवलं. मंडळाच्या गणपतीत ती बायकांना सांगायची, "मला दिली पोंक्ष्यांकडे, पण संसार केला साळोबानं." रुसवे साळोबा काढायचा, मुलीला, मीनलला, पाढे साळोबा म्हणायला लावायचा. फक्त सुप्रभाला नावानं हाक त्यानं कधी मारली नाही. साळोबाची ती 'बाईसाहेब', श्रीकांतरावांची 'अगं'. 'सु'वर ते 'श्री'पेक्षाही वाईट अडायचे.

मग सरकारनं कायदा बदलला. एक्याण्णव साली प्रत्येक भागाचा परवाना बोलीवर निघाला. सीलबंद पाकिटात आकडा घालायचा, दर्जाच्या चाळणीतून उतरलात आणि आकडा मोठा असला की भाग तुमचा. चॉकहिलचे मोठे साहेब कॅन्टीनमध्ये टायची गाठ चाचपत सगळ्यांना सांगून गेले, "वुई आर क्वाएटली कॉन्फिडंट." निकाल फॅक्सवर आला. साहेबांची गाठ सैल झाली ती तशीच राहिली. दुसऱ्याच कोणाची बोली मोठी होती. त्र्याण्णवच्या जानेवारीपासून पडदा त्यांचा, आणि त्यांना टीझल 'जरा जास्तच लोकल' वाटत होता.

श्रीकांतरावांनी तो घरी नेऊ का असं विचारलं. विचारताना हात टीझलमध्ये होता, म्हणून विचारता आलं. कायदे विभागाचा तरुण फार गोड बोलायचा, प्रत्येक वाक्य गालिच्यावर ठेवल्यासारखं. तो म्हणाला, टीझल, त्याचं नाव, त्याच्या लकबी आणि त्याचा आवाज, सगळं कंपनीची मालमत्ता आहे. कंपनी दाखवायची थांबली तरी मालकी संपत नाही. करारात तसं आहे, सही तुमचीच.

सही त्यांचीच होती. श्रीकांतरावांनी टीझलमधून हात काढला.

त्यांचे वडील पुण्याच्या कोर्टात बेलिफ होते. कागदावर लिहिलं आहे म्हणून लोकांच्या घरातून पितळेची भांडी उचलून आणणारा माणूस. वस्तू कोणाची हे कागद ठरवतो, हे त्या घरात मुलांनी दुधाबरोबर प्यायलं होतं. श्रीकांतरावांनी हातमोजा परत ओव्हनच्या दांडीला अडकवला आणि तो आवाज पुन्हा काढला नाही.

सुप्रभाला आधी वाटलं, रुसलेत, चार दिवसांत येतील ताळ्यावर. मग तिनं समजावलं, चिडवलं, एकदा रडलीही. "अहो, आपल्या स्वयंपाकघरात कोण येणारे ऐकायला?"

"स-स-सही केलीये," एवढंच ते म्हणायचे.

हीथ्रोजवळच्या एका गोदामात त्यांना काम मिळालं. खोक्यांशी बोलावं लागत नाही. घर गप्प झालं. मीनल युनिव्हर्सिटीत गेली, आणि सत्त्याण्णवच्या वसंतात सुप्रभाच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवलं. पुढच्या खोलीत, खिडकीशी तिची खाट लावली.

एके दुपारी तिनं नवऱ्याचा हात स्वतःच्या पांघरुणावर ओढून घेतला. "साळोबाला बोलवा ना एकदा. मला नावानं हाक मारू दे त्याला. सगळ्या गावाच्या पोरींची नावं घेतली मेल्यानं, माझं तेवढं राहिलं."

श्रीकांतरावांचा घसा हलला. ते म्हणाले, वि-विचारतो.

सुप्रभा हसली. हसताना तिला दुखलं. "विचारा बापडे. पण लवकर हं. मला काही परवाना वाढवून मिळायचा नाही."

जो माणूस फोन वाजला की न्हाणीघरात जायचा, तो फोन करायला बसला. मीनल म्हणाली, "बाबा, मी करते ना. तुमचा आवाज फोनवर अजून अडकतो." त्यांनी मान हलवली. सही त्यांची होती, विचारायचंही त्यांनीच.

चॉकहिल एका सहल-पार्कवाल्या कंपनीनं घेतलं होतं. तिथली बाई "येस, लव्ह? टेक युअर टाइम, लव्ह," म्हणाली आणि वेळ न देता फोन पुढे जोडला. पार्कवाल्यांनी जुन्या कार्यक्रमांच्या टेपा स्वतःकडे ठेवून बाकीचं सगळं लंडनच्या एका फर्मला विकलं होतं. तिथला पोरगा दातांत पेन धरून बोलत होता. ती फर्म आता तिसऱ्याच कंपनीत विलीन झालेली. त्या काळात टेलिव्हिजनवाले एकमेकांना असे गिळत सुटले होते की सकाळी फोन उचलणाऱ्यालाही आपण कोणाचे हे धड सांगता येत नव्हतं. तिसरीकडे मशीन होतं. मशीन म्हणालं, नाव आणि निरोप सांगा. श्रीकांतराव 'श्री'पर्यंत आले आणि मशीननं टुंऽऽ करून फोन ठेवला. त्यांनी परत लावला. परत टुंऽऽ. मीनल जिन्यावर बसून हे ऐकत होती, तोंडावर उशी दाबून.

शेवटी एका माणसानं त्यांचं ऐकून घेतलं. म्हणाला, बघून कळवतो.

संध्याकाळी सुप्रभा डोळ्यांनीच विचारायची, काय म्हणाले? ते म्हणायचे, बघतायत. पुढे पुढे ती विचारायची थांबली, तरी ते सांगायचे. एका सकाळी मीनलनं पडदा सरकवला तेव्हा आई गेलेली होती. श्रीकांतराव तिचा हात धरून बसले होते, ओठ 'सु'साठी पुढे काढलेले.

दहावं झाल्यावर फोन आला. बोलणारा घाईत आणि खुशीत होता. "मिस्टर पॉन्कशी? तो हेजहॉग. आमचाच निघाला, विश्वास ठेवा! इथे कोणाला पत्ताच नव्हता. घरच्या घरी आवाज काढायचाय ना? काढा की. खरं सांगू, यासाठी विचारायचीही गरज नव्हती."

श्रीकांतराव थँक यू म्हणाले. त्या माणसानं 'थँ' ऐकून फोन ठेवला होता.

मीनल जिन्याच्या पायथ्याशी उभी होती. "बाबा? हो म्हणाले?"

ते स्वयंपाकघरात गेले. ओव्हनच्या दांडीवरून हातमोजा काढला आणि हातात घातला. पुढच्या खोलीत खाट उचलून नेलेली, खिडकीशी सुप्रभाचा फोटो ठेवलेला. त्यासमोर ते गुडघे दुमडून बसले, पूर्वी टेबलाखाली बसायचे तसे. हातमोज्यानं मान वर केली.

"हं," साळोबा म्हणाला.

तोच घसा, तेच नाक. मीनलच्या अंगावर काटा आला. आई गेल्यापासून ती रडली नव्हती, आता तिचे डोळे भरले.

"सु," साळोबा म्हणाला. "सु-सु…"

श्रीकांतरावांची मान पुढे गेली, डोळे मिटले. हातमोजा तोंड उघडून फोटोकडे बघत होता. मीनल पुढे होऊन नाव पुरं करणार होती. पण हा एक शब्द बाबा कोणाला देणार नाहीत, हे तिला त्यांच्या पाठीवरून दिसलं. ती त्यांच्या शेजारी खाली बसली आणि थांबली.

"सु-सु-सु…" साळोबा म्हणत राहिला.