थावराच्या शेळ्या आणि डॉक्टरचा मसाला

वसमतमध्ये अजूनही लोक हसत सांगतात की, थावराच्या हळदीने एका डॉक्टरचा शोध बुडवला. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. झाले ते असे.

थावरा वसमतजवळच्या बंजारा तांड्यावरचा. त्याचे आजे बैलांच्या पाठीवर मीठ वाहायचे. त्याच्या वाट्याला थोडी कोरडवाहू जमीन आणि शेळ्या आल्या. कुणी गावाला निघाले की गाय-म्हैस त्याच्याकडे ठेवून जाई. दुसऱ्याचे जनावर दुखणाईत परत करणे म्हणजे तांड्यावर नाक कापून घेणे, अशी तिथली रीत.

निजामाच्या अमलात, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी, पुनमचंद नावाचा दातांचा डॉक्टर वसमतला आला. किडलेल्या दाताचे मूळ कोरून आत भरायचा मसाला त्याने स्वतः तयार केला होता. जिवंत मांसाला तो सोसतो का, हे पाहायला त्याने तीन शेळ्या विकत घेतल्या, त्यांच्या पाठीवरची कातडी चिरली, आत मसाल्याची गोळी ठेवून टाके घातले आणि शेळ्या थावराकडे सोपवल्या.

"काहून चिरलं, डाक्टरसाब?"

"तुला काय करायचंय? नीट सांभाळ. महिन्यानं आण."

एवढेच सांगितले. थावराने नीट सांभाळल्या. जखमा सुजल्या, पू झाला. त्याने तापवलेल्या सुरीने त्या फोडल्या, आतला खडूसारखा खडा फेकून दिला आणि हळद-तेल भरले. महिन्याने शेळ्या टुणटुणीत. डॉक्टरने पाठीवर बोट फिरवले, जागा भरलेली पाहिली आणि खूश झाला. मधे काय झाले हे त्याने विचारले नाही. तीच त्याची विद्या!

लगेच त्याने थावराच्या बायकोची, जिवनबाईची दुखरी दाढ फुकट भरून दिली. बक्षीसच दिल्याच्या थाटात. आठवडाभरात तिचा गाल वांग्यासारखा फुगला. भाकरी सुटली, पेजही एका बाजूने ओतावी लागे. थावरा तिला घेऊन दवाखान्यात गेला.

"शेळ्यांना काही झालं नाही," डॉक्टर म्हणाला, "हिलाच कसं झालं? काही खाल्लं असेल."

"शेळ्यांना बी झालतं की. मी फोडून काढलं."

"काढलं? गधड्या, माझी सगळी मेहनत मातीत घातलीस!"

थावराची मान खाली गेली. जिवनबाईची गेली नाही. तोंड उघडत नव्हते, तरी ती दातांतून बोलली, "शेळीचं काढलं मनून शिव्या देता. माझं तरी काढता, का महिनाभर बघत बसता?"

बाकावर दोन गिऱ्हाईके बसली होती. तिने त्यांच्याकडे वळून गाल दाखवला. "बघून घ्या, आन् मंग भरा दाढा." दोघेही उठून गेले.

डॉक्टरने दाढ उपटली. तिच्याबरोबर हाडाचा तुकडाही आला.

त्यानंतरही त्याने शेळ्यांच्या पाठीत पुन्हा मसाला घातला आणि थावराला त्या ठेवून घ्यायला सांगितले. अट एकच, हात लावायचा नाही.

"हात लावायचा न्हाई तर माझ्याकडं कशाला? तुमच्या दारात बांधा."

बांधाव्या लागल्या. तेव्हा पू त्याच्या डोळ्यांसमोर वाहिला, वास माजघरापर्यंत गेला, आणि त्याने तो मसाला टाकून दिला.

लोक म्हणतात, थावराने सांगायला हवे होते. काय सांगायला हवे होते? ज्याच्या ताब्यात जनावर दिले, त्याला हा प्रयोग आहे हेच ठाऊक नव्हते. दुखणारे जनावर बरे करणे हा त्याचा गुन्हा, आणि शेळ्यांचे काय झाले हे न विचारता बाईच्या जबड्यात विष भरणे हा शोध!

जिवनबाई त्या बाजूने पुढे कधीच चावू शकली नाही. म्हातारपणी तिनेच मला हे सांगितले. दारातल्या शेळ्यांना डॉक्टर सकाळ-संध्याकाळ तपासायचा. तिचा जबडा पाहायला मात्र तो तांड्यावर एकदाही आला नाही.