अक्काच्या आवाजाची फाइल

अक्काचं घशाचं ऑपरेशन लातूरला झालं. ही माझी थोरली बहीण, देगलूरजवळच्या एका खेड्यात दिलेली. घरची शेती. एका बांधावर उभं राहून चौथ्या बांधावरच्या माणसाशी बोलायची तिला सवय. स्वरयंत्र काढावं लागेल, नंतर बोलता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा दाजी भिंतीकडं तोंड करून रडले. अक्कानं बसलेल्या आवाजात एवढंच विचारलं, "जेवता येईल न्हवं?"

त्यानंतर ती नऊ महिने जगली. कुणाला बोलवायचं तर टाळी वाजवायची. रागावली की ताटावर चमचा आपटायची. चौथीपर्यंतच शिकलेली, त्यामुळं लिहून सांगायचा तिला कंटाळा.

मी नांदेडला घरीच लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करते. शूटिंगवाले कार्ड आणून देतात, मी कापून-जोडून गाणी लावून देते. कुणाच्या व्हिडिओत आवाज मागं राहतो, कुणाचा मोबाइलवर चालतो पण टीव्हीवर चालत नाही. अशा दुरुस्त्यांसाठी संगणकाच्या काळ्या खिडकीत कमांड लिहून काम करायला मी हळूहळू शिकले. शिकवणारं कुणी नव्हतं. चूक झाली की ती काय म्हणते ते वाचायचं आणि पुन्हा लिहायचं. होता होता नाव झालं. न उघडणारी फाइल माझ्याकडं येऊ लागली.

ऐन लग्नसराईत अक्का चार दिवस माझ्याकडं राहायला आली होती. एका दुपारी ती माझ्या खुर्चीशेजारी येऊन उभी राहिली आणि दाजींचा मोबाइल माझ्यासमोर धरला. पडद्यावर नुसता राखाडी चौकोन. मला वाटलं, कुठला तरी फोटो दाखवायचाय. मी म्हणाले, "अक्का, दहा मिनिटं थांब. एवढं पाठवू दे." ती जरा वेळ उभी राहिली, मग आत गेली. दहा मिनिटांची संध्याकाळ झाली. जेवताना मी विचारलं, "दुपारी काय दाखवत होतीस गं?" तिनं हात झटकला. जाऊ दे.

श्रावणात ती गेली. तेराव्याची पंगत उठल्यावर दाजी माझ्याजवळ येऊन बसले.

"तुझ्याकडूनबी ते उघडलं न्हाई, न्हवं का?"

"काय?"

"ऑपरेशनच्या आदल्या दिशी ती बोलली होती मोबाइलमधी. पोरीसाठी. मीच धरला होता. बोलता बोलता बॅटरी संपली अन् मोबाइल बंद पडला. मंग ते बोललेलं चालूच होईना. नांदेडला बहिणीला दाखवते म्हणून हातानं सांगून गेली. आल्यावर इचारलं तर आडवी मान हलवली. मला वाटलं, झालं न्हाई तुझ्याकडून."

तो राखाडी चौकोन मला आठवला. मी मोबाइल मागून घेतला.

नांदेडला येऊन ती फाइल संगणकावर घेतली. आकार मोठा होता, म्हणजे आत काहीतरी होतं. एफएफएमपेग नावाच्या व्हिडिओच्या प्रोग्रॅमला विचारलं, तर त्यानं एका ओळीत सांगितलं की फाइलची अनुक्रमणिकाच सापडत नाही. मोबाइल ती यादी रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहितो. मधेच बंद पडला तर चित्र आणि आवाज आत असतात, पण कुठला तुकडा कुठं सुरू होतो ते कुणालाच कळत नाही. अशा वेळी त्याच मोबाइलवर त्याच सेटिंगनं काढलेली एक धडधाकट फाइल लागते. तिच्याकडं बघून हरवलेली यादी नव्यानं मांडायची.

मोबाइलमधला एक व्हिडिओ घेतला आणि दुरुस्तीची कमांड चालवली. हिरवे-जांभळे चौकोन आले, आणि पत्रा खरवडल्यासारखा आवाज. जागा पुरत नाही म्हणून मधल्या काळात कुणीतरी सेटिंग बदललं होतं. त्याआधीचा व्हिडिओ पाहिजे होता. दाजी फोनवर म्हणाले, "जुनं समदं पुसलं गं." भाची लातूरला नर्सिंग शिकते. तिनं व्हॉट्सॲपवर आलेले आईचे दोन व्हिडिओ पाठवले. पण तिथून आलेली फाइल दाबून लहान केलेली असते, तिचा उपयोग नव्हता. मग तिला आठवलं, दिवाळीत म्हशीच्या रेडकाचा व्हिडिओ तिनं वायर लावून पेनड्राइव्हवर घेतला होता. तो घेऊन ती रविवारी सकाळच्या एसटीनं आली.

रेडकाची फाइल शेजारी ठेवून मी पुन्हा कमांड चालवली. या वेळी अक्का दिसली. दवाखान्याच्या खाटेवर मांडी घालून, डोईवरचा पदर नीट करत. चित्र चार मिनिटं चाललं आणि एका जागी थिजलं. आवाज पुढं चालू राहिला. मी आवाज वेगळा काढला. मागं वॉर्डातल्या पंख्याची घरघर होती. सवयीनं फिल्टर लावला. घरघर गेली, आवाज गुळगुळीत झाला.

भाची म्हणाली, "मावशी, ही आई न्हाई वाटत."

फिल्टरनं पंख्याबरोबर अक्काच्या घशातली खरखरही पुसली होती. मी तो काढून टाकला. आम्ही दोघी पंख्यासकट ऐकत बसलो.

अक्का काही मोठं बोललीच नव्हती. मिरच्या वाळत घालशील तर सावलीकडं नको. नोकरी लागल्याबिगर लग्नाला हो म्हणू नको, कोण कितीबी म्हणू दे. बापाला चहात साखर कमी दे. "अन् मावशीकडं जात जा. ती कामात आसंल तरी जा. ती कामातच आसती." हे बोलून ती हसली, हसताना खोकला आला, दाजींनी पाणी दिल्याचा आवाज आला. भाचीनं माझा हात धरला. मग, "कोठीतल्या खालच्या डब्यात तुझ्यासाठी मी..." एवढ्यावर फाइल संपत होती. मी शेवटचे तुकडे पुन्हा पुन्हा तपासले. पुढं काही लिहिलंच गेलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात फाइल घेऊन मी अक्काच्या गावी गेले. दाजींनी ओसरीत बसून ऐकली. झाल्यावर मी त्यांना खरं सांगितलं. अक्कानं माझ्यासमोर मोबाइल धरला होता, मीच थांब म्हणाले. तेव्हा बघितलं असतं तर तिच्या डोळ्यांदेखत उघडलं असतं, आणि त्या डब्यात काय ते तिनं लिहून तरी दाखवलं असतं. दाजींनी मोबाइल पालथा ठेवला.

"तिनं मला बी सांगितलं न्हाई," ते म्हणाले. "तुझ्यावर बोल येऊ दिला न्हाई तिनं."

मग उठले आणि कोठीत गेले. मी दारात उभी राहिले. खालच्या रांगेतला एकेक डबा त्यांनी फरशीवर पालथा केला. मूग, तीळ, मागच्या वर्षीचं करडईचं बी. धान्यात हात फिरवून बघितलं. काही नव्हतं. आजारपणात कुणीतरी डबे घासून पुन्हा भरून ठेवले होते.

"काय ठिवलं आसंल?" दाजींनी विचारलं.

मी खाली बसले आणि दोघांनी मिळून ते तीळ गोळा केले.