माफीची रांग

माझ्यासमोर रांग लागली तेव्हा मला आधी बरंच वाटलं, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. मागाहून सांगितलं तर तुम्ही म्हणाल, बाई सारवासारव करते आहे.

गोष्ट यंदाच्या नव्या वर्षाच्या सकाळची. आम्ही मध्य प्रदेशातल्या बालाघाटचे लुथरन ख्रिस्ती. मंडळी लहान, सणाला सगळे आले तरी मागचे एकदोन बाक रिकामेच राहतात. उपासना हिंदीत चालते, कारण बहुतेक घरं हिंदी बोलणारी, आणि आमच्यासारखी जी मराठी घरं आहेत त्यांची पोरंही आता "मम्मी, खाना दो" म्हणतात. मी सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाले, म्हणून मंडळीत मला सगळे सिस्टर म्हणतात. वेदीवरचं पांढरं कापड मी धुते, मीच इस्त्री करते. महिला समितीत शेवटचा शब्द माझा. सणाच्या जेवणात मीठ बरोबर आहे की नाही, ते मी चाखल्याशिवाय ठरत नाही. माझ्या तोंडाला लगाम नाही हे मला ठाऊक होतं, पण मला वाटायचं लोकांना ते आवडतं. "सिस्टर बोलते कडक, पण मनात काही ठेवत नाही," असं म्हणायचे ना सगळे! मनात ठेवत नव्हते हे खरंच. सगळं दुसऱ्यांच्या मनात ठेवून घरी येत होते.

प्रभुभोजन आमच्याकडे महिन्यातून एकदा असतं, आणि नव्या वर्षाच्या सकाळी तर असतंच. आधी पापकबुली, मग भाकर नि द्राक्षरस, आणि मग चर्चमागच्या शेडमध्ये सगळ्यांचं मिळून जेवण. कोणाशी अढी असेल तर प्रभूच्या मेजाजवळ जायचं नाही, आधी मेळ करायचा, ही आमची जुनी शिकवण. जुने पाळक होते तोवर मेळ म्हणजे काय, तर शेजारच्याशी हात मिळवायचा, सलाम म्हणायचं, की झालं. मग सगळे वेदीपुढच्या कठड्याशी जाऊन गुडघे टेकायचे. सगळे म्हणजे सगळे. एखादं माणूस बाकावर बसून राहिलं तर साऱ्या मंडळीच्या ते डोळ्यावर येतं.

आणि माझी सून वर्षभर बसून राहत होती.

सून उकव्याची. तिचे वडील तिथे मँगनीजच्या खाणीत कामाला आहेत. मागच्या नव्या वर्षाला ते पहिल्यांदाच आमच्या मंडळीत आले, सकाळच्या बसने, लेकीच्या लग्नात घातलेला कोट घालून. मुलीचे वडील, पाहुणा माणूस, पण खुर्चीवर बसायचं सोडून बादलीने पाणी भरायला लागले. सुनेला मी भाताच्या गंजाशी उभं केलं होतं. मधेच पत्रावळ्या आणायला तिला मीच पाठवलं, आणि ती येईपर्यंत भात खाली लागला. सगळ्या शेडमध्ये करपट वास. मी झाकण उचललं आणि सगळ्या बायकांपुढे, तिच्या बापापुढे बोलून गेले, "काहून व, माहेरी काय खाणीतले गोटेच शिजवत होते का? भात कधी पाह्यलाच नाही वाटते!"

बायका हसल्या. तिचे वडीलही हसले. बादली खाली ठेवून म्हणाले, "सही बात है, सिस्टर जी." जेवताना त्यांनी ती करपलेली खरवड मुद्दाम आपल्या पानात मागून घेतली. मला वाटलं, चला, माणूस मोकळा आहे, थट्टा समजते त्याला.

पोरगी मात्र हसली नव्हती. पुढच्या प्रभुभोजनाला ती कठड्याशी गेली नाही, त्याच्या पुढच्याला नाही, आणि मग गेलीच नाही. घरी सगळं करायची. माझे गुडघे दुखले तर तेल चोळून द्यायची. मुलाने विचारलं की "बाद में" म्हणायची, बस. मी तिला अक्कडबाज ठरवून मोकळी झाले. सिस्टरच्या घरचं माणूस मेजापासून लांब बसतं आणि लोक बघतात, याचा मला राग यायचा. तिचं काय दुखतंय हे विचारावं असं एकदाही वाटलं नाही. लिहिताना लाज वाटते, पण नाही वाटलं.

यंदा पाळक नवे आले आहेत, माझ्या मुलाहून लहान. त्यांनी पापकबुली घेतली आणि हातातलं पुस्तक मिटलं. म्हणाले, "आज बगल वाले से हाथ मिलाकर काम नहीं चलेगा. जिसके लिए आपके मन में कुछ है, उसी के पास जाइए और माफ़ी माँगिए. मैं रुकता हूँ." आणि खरंच जाऊन आपल्या खुर्चीवर बसले.

कोणी हलेना. शेडमधून वरणाच्या फोडणीचा वास येत होता. मी मनात म्हटलं, घ्या, कालचं पोर हे, आता सगळं जेवण थंड करते! वळून सुनेकडे बघितलं. ती बायकांच्या मागच्या बाकावर होती, डोक्यावर ओढणी, मान खाली. म्हटलं, बरं झालं. आता हिला झक मारत माझ्याजवळ यावंच लागेल.

पण पहिली उठली ती चर्चची पितळी भांडी घासणारी बाई, माझ्याच वयाची, विधवा. येऊन तिने माझे दोन्ही हात धरले.

"माफ कर व बाई. माह्या मनात तुह्यासाठी लय वाईट होतं."

"काय होतं व?"

"जाऊ दे. माफ कर म्हणजे झालं."

"हौ हौ, केलं माफ," म्हणत मी तिच्या पाठीवर थोपटलं.

मग पेटी वाजवणारा तरुण आला. "सिस्टर जी, माफ़ कर दीजिए." त्यालाही केलं. मग एक शाळेतली बाई आली, तिलाही केलं. मान वर करून बघते तर काय, मधल्या वाटेत दारापर्यंत रांग! दवाखान्यात लसीच्या दिवशी लागायची तशी. बाकी चर्चमध्ये कुठे दोघे भाऊ गळ्यात पडले होते, कुठे दोघी जावा डोळे पुसत होत्या. रांग फक्त माझ्यापुढे होती. आणि माझा ऊर भरून आला हो! म्हटलं, याला म्हणतात मान. इतकी वर्षं खपले मंडळीसाठी, लोक विसरले नाहीत. मी पाठ ताठ करून बसले आणि एकेकाला हात देत गेले. "जा बाबा, मनात ठेवू नको." "केलं व माफ, केलं." एकीला तर "आता पुढं लक्षात ठेवजो" असंही म्हटलं. काय लक्षात ठेवायचं, ते माझं मलाही ठाऊक नव्हतं.

मग आली खैरलांजीकडची एक बाई, माझ्यासारखीच फाटक्या तोंडाची. ती "जाऊ दे" म्हणणाऱ्यातली नव्हती. "सिस्टर," ती म्हणाली, "माह्या पोरीच्या साखरपुड्यात तुमी तिले सगळ्यायपुढं काळी म्हणलं. तवापासून मी तुमाले मनातल्या मनात रोज शिव्या देऊन राह्यली. प्रार्थनेले बसली तरी तुमीच दिसता. माफ करा मले. शिव्या द्याले नाही पाह्यजे होत्या."

तिचा हात माझ्या हातात आणि "केलं माफ" माझ्या ओठावर. ते तिथेच अडकलं.

काळी. हौ, म्हटलं होतं. हसत म्हटलं होतं. मी रांगेकडे बघितलं आणि मग एकेकाचं आठवायला लागलं. पेटीवाल्याला भर गाण्यात म्हटलं होतं, बकरी बरी गाते तुझ्यापेक्षा. भांडी घासणारीला तर तिच्या नवऱ्याच्या मयतीच्या दिवशी विचारलं होतं, आता रडून काय होते, आधीच दवाखान्यात काहून नाही आणलं? पाळक काय म्हणाले होते? ज्याच्यासाठी मनात काही आहे त्याच्याकडे जा. आणि अर्धं चर्च माझ्याकडे आलं होतं. ते अढी धरल्याची माफी मागत होते. ती अढी घालणारी मी, आणि मीच आपली बसल्या जागेवरून माफी वाटत होते! क्षमा फुकट मिळते, आपल्या कमाईने नाही, हे लहानपणी धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरांत घोकून घोकून पाठ केलेलं. देवा रे, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

रांगेत सून नव्हती. मी उठले. समोरच्यांना काय सांगावं सुचेना, "थांबा जरा" एवढंच म्हटलं आणि मागे गेले. सगळे बघत होते. तिच्यापुढे उभी राहिले आणि माझ्या तोंडून काय निघावं? "उठ बेटा. पास्टर थांबले." ऑर्डर! वॉर्डात आयाला द्यायची तशी.

तिने वर बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. "मम्मी, मेरी बात नहीं है," ती हळू म्हणाली. "आपने पापा को बोला था."

"त्याइले कुठं वाईट वाटलं? हसले ना ते."

"साल भर से आए नहीं हैं. जब बुलाओ तो ड्यूटी है बोलते हैं. मैं प्रभु भोज लूँगी तो उनके साथ लूँगी."

व्याही वर्षभर आमच्या घरी आले नाहीत. नाताळालाही नाही. मला ते दिसलंसुद्धा नव्हतं. खाणीत काम फार असेल, म्हणून मी सोडून दिलं होतं.

मी तिच्याशेजारी बसले. पाळक उठले, पुढचं सुरू झालं. बाळंतपणं सोडली तर दृढीकरणापासून, म्हणजे पहिलं प्रभुभोजन घेतल्यापासून, मी कठडा कधी चुकवला नव्हता. त्या दिवशी बसून राहिले. ज्यांना मी मोठ्या मनाने "केलं माफ" म्हटलं होतं ते एकेक करून पुढे गेले, आणि परत येताना मला लाज वाटू नये म्हणून नजर दुसरीकडे वळवत होते. त्यापेक्षा चांगलं टक लावून बघितलं असतं तर बरं झालं असतं.

जेवायला थांबले नाही. मुलगा म्हणाला, फोन करून घे ना, नाहीतर मी गाडीवर नेतो. म्हटलं, नाही, आम्ही दोघीच जातो. दुपारच्या बसने उकव्याला निघालो. घाटात खिडकीची काच बंद होईना. सुनेने एक शब्द न बोलता आपली अर्धी शाल माझ्या खांद्यावर टाकली, आणि मला ती अंगावर राहू द्यायचीसुद्धा चोरी वाटली. वाटेत मी मनात हिंदी वाक्यं जुळवत होते. माझी हिंदी दवाखान्यातली, "मुँह खोलो", "हाथ ढीला छोड़ो" एवढीच पक्की. माफी मागायची हिंदी मला येतच नव्हती. खरं सांगायचं तर मराठीही नव्हती येत.

व्याही क्वार्टरच्या दारात उन्हाला बसले होते. आम्हाला बघून गडबडले. घाईघाईने खाटेवर चादर टाकली, सुनेच्या आईला चहा ठेवायला सांगितलं. मी उभ्या उभ्या तोंड उघडणार, तोच त्यांनीच हात जोडले.

"माफ़ करना सिस्टर जी. साल भर आना नहीं हुआ. आपको बुरा लगा होगा."

घ्या! हेही! "नाही, तुमी नाही," मी म्हटलं. "मैं माँगने आई हूँ. उस दिन मैंने..."

"अरे छोड़िए ना. आप बड़े हैं, ऐसा मत बोलिए."

"वो चावल..."

"हो जाता है, सिस्टर जी. बैठिए, चाय लीजिए."

ते मला बोलूच देईनात. चूक जणू त्यांचीच पकडली गेली अशी त्यांची तारांबळ चालली होती. मी त्यांना इतकं खाली बसवून ठेवलं होतं की माझी माफी ऐकून घेणंही त्यांना झेपेना. आणि खोटं कशाला बोलू, आतून माझं मन म्हणतच होतं, ते नको म्हणून राह्यले ना, मग घे चहा, सुटलीस.

"पापा," सून दारातून म्हणाली, "आप बैठ जाइए. बोलने दीजिए इनको."

ते बसले. मी बोलले. मोडक्या हिंदीत, मधेच मराठीत. पोरीला गंजाजवळून मी हलवलं तेही, तिच्या नावाने आणि तुमच्या कामाच्या नावाने बायकांना हसवलं तेही, तुम्ही हसलात म्हणून मी तुमच्या तोंडाकडे नीट बघितलंही नाही, तेही. शेवटी म्हटलं, पोरगी तुमच्यासाठी थांबली आहे, पुढच्या महिन्याच्या प्रभुभोजनाला या. सुनेची आई चहा घेऊन आली ती उंबऱ्यातच थांबली. ते जमिनीकडे बघत ऐकत होते.

मग मान वर न करता म्हणाले, "बुरा लगा था, सिस्टर जी. बहुत बुरा लगा था. अगले महीने आऊँगा कि नहीं, अभी नहीं बोल सकता."

"हौ," मी म्हटलं. "तुमी म्हणाल तसं."